जगाच्या इतिहासाच्या पेपरात एक न पाहिलेला कागद हवा

‘पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम विशद करा.’ पदवीच्या जगाच्या इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न इतक्यांदा येऊन गेला आहे की त्याचे उत्तर तयारच असते. गुप्त करार, साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून: पाच मथळे, प्रत्येकाखाली चार ओळी आणि शेवटी राष्ट्रसंघाची स्थापना. आता त्याच विद्यार्थ्यापुढे २३ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला धाडलेला खलिता ठेवून पाहा. मागण्या दहा, उत्तराची मुदत ४८ तास. सर्बियाने बहुतेक मागण्या कमीअधिक प्रमाणात मान्य केल्या. सहावी, म्हणजे खुनाच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियात येऊन भाग घेतील ही, मात्र साफ नाकारली. तीच का अडली? ती मांडणाऱ्यांना ती मान्य व्हायला हवी होती का? मुदत ४८ तासांचीच का ठेवली? या प्रश्नांवर चांगला हुशार विद्यार्थीही गप्प बसतो, कारण असा कागद वाचायचा कसा हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांमध्ये हा विषय दरवर्षी असंख्य मुले-मुली मराठीतून शिकतात. अभ्यासक्रम बदलला की नवी प्रकरणे येतात, पीपीटी येतात, पाहुण्यांची व्याख्याने होतात. शिकणे मात्र फारसे बदलत नाही, कारण प्रश्नपत्रिका तीच राहते. मुले परीक्षेत जे येते तेच वाचतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून सुधारणा प्रश्नपत्रिकेपासून करावी असे माझे ठाम मत आहे. १०० गुणांच्या पेपरात २० गुण वर्गात न शिकवलेल्या एका दस्तऐवजाला आणि १० गुण नकाशाला द्यावेत. उरलेल्या ७० गुणांत निबंधवजा प्रश्न खुशाल राहू द्यात. एवढ्या एका बदलाने वर्गातल्या शिकवण्याला आपोआप वळण लागेल.

इतिहासाच्या सगळ्याच शाखांना कागद लागतो, मग या विषयासाठी एवढा आग्रह का? कारण आंतरराष्ट्रीय राजकारण बहुतांशी कागदावरच घडते. तार, टिपण, मसुदा, बैठकीचे इतिवृत्त, करार. ठरवणारी माणसे मोजकी, त्यांच्याजवळची माहिती अपुरी आणि वेळ थोडा. ‘कारणे’ या मथळ्याखाली हे सगळे दाबून भरले की युद्ध जणू होणारच होते असे वाटू लागते. ते टाळता आले असते का, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून, हा प्रश्नच विद्यार्थ्याच्या मनात उमटत नाही. शिवाय या विषयात जाहीर बोलणे आणि आतला व्यवहार यांत अंतर असते. २३ ऑगस्ट १९३९ चा जर्मनी-सोव्हिएत करार घ्या. जाहीर झालेला मजकूर एकमेकांवर हल्ला न करण्याचा. सोबतच्या गुप्त पुरवणीत मात्र नारेव, व्हिस्टुला आणि सान या नद्यांच्या रेषेने पोलंडची वाटणी केलेली होती. ही पुरवणी होती हेच मॉस्कोने डिसेंबर १९८९ पर्यंत मान्य केले नाही. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही संयुक्त निवेदनावर डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही.

कोल्हापुरात हा धडा शिकवायला दूर जावे लागत नाही. लोक कापडाच्या खरेदीला ज्या गांधीनगरला जातात, तिथे १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे छावणी होती. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहत होते आणि त्यांत बायका-मुलेच जास्त होती. शाळा, चर्च, दवाखाना, सगळे होते. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वॉर्सामध्येही वळिवड्याचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. पण बहुतेक ठिकाणी ही हकिकत ‘कोल्हापूरकरांनी परक्यांना आसरा दिला’ एवढ्यावर थांबते. ते खरे आहे आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. तरी इतिहासाच्या वर्गात ते पुरेसे नाही. ही माणसे पोलंडमधून पश्चिमेला न जाता सायबेरिया, कझाकस्तान, इराण, कराची असा अर्ध्या आशियाचा फेरा घालून पंचगंगेच्या खोऱ्यात का आली?

याचे उत्तर तारखांच्या साखळीत आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आल्या. १० फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत भरून हद्दपार करणे सुरू झाले आणि जून १९४१ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने चालले. २२ जून १९४१ ला हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि सगळा डाव उलटला. कालचा शत्रू स्टालिन आज ब्रिटनचा मित्र झाला. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या. त्यामुळे कैदेतल्या आणि हद्दपारीतल्या पोलिश नागरिकांची सुटका झाली, सोव्हिएत भूमीवर पोलिश सेना उभी राहू लागली आणि १९४२ मध्ये ती सेना व तिच्यासोबतची कुटुंबे कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. तिथून काही जण आफ्रिकेत गेले, काही भारतात आले.

हा सिकोर्स्की-मायस्की करार म्हणजे वर्गासाठी अगदी योग्य मापाचा कागद आहे. कलमे पाचच, सोबत एक छोटी पुरवणी. पहिल्या कलमात सोव्हिएत सरकार म्हणते की १९३९ च्या जर्मनीशी केलेल्या करारांतला पोलंडच्या भूभागातील बदलांचा भाग आता ग्राह्य राहिलेला नाही. विद्यार्थी हे वाचून हमखास लिहितात की पोलंडला जुनी सीमा परत मिळाली. त्यांना पुन्हा वाचायला लावावे. जुनी सीमा मान्य आहे असे एकही वाक्य करारात नाही. फक्त आधीचे करार बाद झाले आहेत, त्यांच्या जागी काय ते लिहिलेले नाही. त्याच दिवशी ब्रिटिश संसदेत परराष्ट्रमंत्री ईडन यांनी ऑगस्ट १९३९ नंतरचे पोलंडमधले प्रादेशिक बदल ब्रिटनला मान्य नाहीत असे सांगितले, पण यात सीमांची हमी नाही हेही विचारल्यावर स्पष्ट केले. सोडलेल्या या जागेत पुढची चार वर्षे दडलेली आहेत. एप्रिल १९४३ मध्ये काटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचे जर्मनीने जाहीर केले, पोलिश सरकारने रेडक्रॉसकडून चौकशी मागितली आणि मॉस्कोने त्या सरकारशी संबंध तोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेहरानला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला पोलंडची पूर्व सीमा जवळपास कर्झन रेषेवर, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर सुचवलेल्या पश्चिमेकडच्या रेषेवर, आणण्यात आली. वळिवड्यातल्या कितीतरी बायकांचे गाव आता पोलंडमध्ये राहिलेच नव्हते. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या सरकारला दिली.

या टप्प्यावर वर्गाला एक प्रश्न टाकावा: छावणीचा खर्च लंडनमधले पोलिश सरकार उचलत होते, मग ६ जुलैपासून वळिवड्यातल्या मुलांच्या जेवणाचे बिल कोणाच्या नावावर जाणार? मान्यता काढून घेणे ही पाठ्यपुस्तकात एका ओळीची गोष्ट आहे. या प्रश्नाने तिचे वजन कळते. पुढे ही जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेली, काही कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली, काही इतरत्र विखुरली. आणि त्याच बराकींमध्ये फाळणीने बेघर झालेले सिंधी लोक आले. दोन खंडांतल्या दोन वाटण्यांची माणसे एकाच छपराखाली, एकामागून एक.

आता तासाचे नियोजन. कागद मराठीत २५० ते ३०० शब्दांचा, एका पानात मावेल एवढा. दर पाच ओळींना समासात आकडा घालावा, नाहीतर चर्चेत ‘ते खालचे वाक्य, सर’ यातच वेळ जातो. चौघांचा गट आणि गटाला दोन प्रती, म्हणजे १०० मुलांच्या वर्गाला ५० झेरॉक्स. एकेकाला प्रत दिली तर जो तो एकटाच वाचत बसतो, आणि चौघांत एकच दिली तर दोघे खिडकीबाहेर पाहतात. पहिली पाच मिनिटे कागदाचे शीर्षक आणि सह्या झाकून ठेवाव्यात आणि लिहिणारा कोण असेल ते मजकुरावरून ओळखायला सांगावे. मग वीस मिनिटे गटात वाचन, चार प्रश्नांसह: कोणी कोणाला कधी लिहिले, त्याला काय हवे आहे, कशाबद्दल तो बोलत नाही, आणि हे पडताळायला दुसरा कोणता कागद लागेल. पुढची वीस मिनिटे फळ्यावर. शेवटची दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने ८० ते १०० शब्द लिहायचे. हे लिखाण वगळले तर तास रंगतो, पण गटातले दोघे बोलून जातात आणि बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी शिक्षकाची: कागद स्वतः मोठ्याने वाचायचा आणि ओळीओळीचा अर्थ सांगत जायचे. मग तो दस्तऐवज राहत नाही, आणखी एक नोट होते. दुसरी, कागद चुकीच्या ठिकाणी कापणे. व्हर्सायच्या तहात ४४० कलमे आहेत आणि आपल्याकडे त्यांतले २३१ वे तेवढे सांगितले जाते, जर्मनीच्या जबाबदारीचे. पण लगेच पुढचे २३२ वे कलम मान्य करते की संपूर्ण भरपाई देण्याइतकी जर्मनीची साधनसंपत्ती नाही. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय तहाबद्दल बोलूच नये. भरपाईची रक्कम तहातच ठरली होती असेही सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात १३२ अब्ज सुवर्ण मार्कचा आकडा १९२१ मध्ये ठरला. तिसरी चूक विद्यार्थ्यांची, निवाडा देण्याची घाई. चेंबरलेन भित्रा, स्टालिन क्रूर, विल्सन भाबडा, असे शिक्के मारले की विचार थांबतो. ‘म्युनिक कराराच्या दिवशी, ३० सप्टेंबर १९३८ ला, चेंबरलेनला काय माहीत होते?’ एवढेच विचारत राहिले तर ही सवय दोन-तीन महिन्यांत सुटते.

नकाशाचे दुखणे वेगळेच आहे. मुलांच्या डोक्यात आजचा नकाशा पक्का असतो आणि १९१४ चे राजकारण ती त्यावर बसवू पाहतात. १९१४ मध्ये जर्मनी आणि रशिया यांची हद्द थेट एकमेकांना भिडलेली होती, स्वतंत्र पोलंड नव्हताच, हे हाताने रेषा काढल्याशिवाय ठसत नाही. १९१४, १९२३, १९४९ आणि १९९१ असे युरोप व पश्चिम आशियाचे चार कोरे नकाशे सत्रभर पुन्हापुन्हा भरून घ्यावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गाझा किंवा युक्रेनची बातमी नकाशा न उघडता वाचू नये.

स्थानिक दाराने आत शिरण्याच्या आणखी दोन जागा सुचवतो. छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले आणि आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले, हे कोल्हापुरात अनेकांना माहीत असते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, त्याआधी दहा आठवडे इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या होत्या, फ्रान्स-प्रशिया युद्ध चालू होते आणि सात आठवड्यांनी जर्मन साम्राज्याची घोषणा व्हायची होती, हे त्याला जोडले जात नाही. महाराजांची युरोपप्रवासाची दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. तिचे संपादन त्यांच्यासोबत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने केले होते. तो काय ठेवील आणि काय गाळील, यावर एक तास सहज जातो.

दुसरी जागा खुद्द विद्यापीठाचा वाढदिवस. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग यांची तुकडी चिनी फौजांशी लढत होती. दुसऱ्या दिवशी नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे लिहून स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) लढाऊ विमानांची १२ पथके मागितली. २० तारखेला केनेडींनी क्युबाची नाकेबंदी उठवल्याचे जाहीर केले, २१ ला चीनची एकतर्फी शस्त्रसंधी लागू झाली आणि यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. अलिप्ततावाद म्हणजे काय, याची तयार व्याख्या लिहून देण्याऐवजी नेहरूंचे १९ नोव्हेंबरचे पत्र वाचायला द्या आणि विचारा की अलिप्तता टिकली, वाकली की मोडली. वर्गात तिन्ही उत्तरे येतील आणि तिन्हींच्या बाजूने पत्रातल्या ओळी सापडतील.

मात्र इथे एक पथ्य पाळलेच पाहिजे. कोल्हापूर हे दार आहे, घर नव्हे. वळिवड्याचे भवितव्य मॉस्को, लंडन आणि तेहरानमध्ये ठरले. विषय जर ‘जगाच्या इतिहासात करवीरचे योगदान’ असा होऊ लागला तर तो हातचा गेला म्हणून समजावे.

चार श्रेयांकांच्या पेपरला साधारण ६० तास मिळतात. फ्रेंच राज्यक्रांतीपासून सोव्हिएत विघटनापर्यंतचे सगळे त्यांत शिकवायचे म्हटले तर घटनांची यादी वाचून होते, इतकेच. मी पाच प्रसंग निवडीन आणि प्रत्येकाला दहा तास देईन: १९१४ चा जुलै, १९१९ चे पॅरिस, १९३९ ते १९४५ मधला पोलंड, १९५६ चे सुएझ, १९६२ ची दोन संकटे (क्युबा आणि भारत-चीन युद्ध). उरलेले दहा तास मधले दुवे जोडायला आणि कालपट सांगायला. यात बरेच काही सुटते. रशियन क्रांती आणि चीन यांना हवी तेवढी जागा मिळत नाही, याचे मलाही वाईट वाटते. पण ज्याला पाच प्रसंग कागदानिशी समजले तो सहावा स्वतः वाचू शकतो. पंचवीस प्रसंग पाठ केलेल्याला सव्विसावा परकाच राहतो.

आक्षेप बरेच येतील. त्यांतला भाषेचा सर्वांत खरा आहे. हे कागद इंग्रजीत आहेत आणि आपली मुले मराठी माध्यमाची. मग मराठीत आणावेत. ४० कागद, प्रत्येकी ३०० शब्द, म्हणजे १२ हजार शब्द. विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, इंग्रजीचा आहे, मराठीचा आहे. दोन उन्हाळी सुट्ट्यांत होण्यासारखे हे काम आहे. मूळ मजकुरासाठी पैसे लागत नाहीत: येल विद्यापीठाचा अ‍ॅव्हलॉन प्रकल्प, अमेरिकी परराष्ट्र खात्याचे दस्तऐवजखंड, विल्सन सेंटरचा डिजिटल संग्रह आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल, हे सगळे मोबाइलवर उघडते. यंत्राने केलेले भाषांतर कच्चा मसुदा म्हणून चालेल, पण कलमांचे आकडे, तारखा आणि ‘जर-तर’ची वाक्ये दोन माणसांनी मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय ते वर्गात नेऊ नये, कारण करारात सगळे अटींवरच अवलंबून असते. पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदी आहेत. त्या मुलांना हक्काने वाचायला सांगाव्यात.

स्पर्धा परीक्षेचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहे आणि तिथले प्रश्न बहुधा कारणमीमांसा मागतात. कागदावर विचार केलेला मुलगा तिथे मागे पडणार नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. तीन कॉलेजांत धावपळ करून तास घेणाऱ्याला पानभर कागद निवडायला, त्याचे भाषांतर करायला वेळ कुठून मिळणार? म्हणूनच कागदांचा संच विद्यापीठानेच तयार करून द्यायला हवा. हे ओझे एकेका शिक्षकावर टाकले तर ही कल्पना पहिल्याच सत्रात मरेल.

तपासणीचे म्हणाल तर २० गुणांचे चार उपप्रश्न, प्रत्येकी पाच. परीक्षकाला नमुना उत्तर एक न देता तीन द्यावीत: चांगले, मध्यम आणि चुकलेले, प्रत्येकाला किती गुण आणि का, या टिपणीसह. दोन विद्यार्थ्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी दोघांनीही कागदातल्या ओळींचा आधार दिला असेल तर दोघांना पूर्ण गुण मिळावेत, आणि हे परीक्षकांच्या सूचनांत स्पष्ट लिहावे. पाठ केलेली पार्श्वभूमी कितीही बरोबर असली तरी ती या प्रश्नात दोन गुणांच्या वर जाऊ नये. पहिले वर्ष हा प्रयोग अंतर्गत मूल्यमापनात करावा, म्हणजे कोणत्या कागदाला किती वेळ लागतो ते कळेल आणि अभ्यास मंडळापुढे ठराव न्यायला हाताशी खऱ्या उत्तरपत्रिका असतील.

गाइड छापणारे वर्षभरात चाळीसही कागदांची उत्तरे बाजारात आणतील, हे गृहीतच धरावे. त्यावर उपाय एवढाच की परीक्षेतला कागद संचातला नसावा, संचातल्या कागदाशी भिडणारा असावा. वर्गात अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांची मॉस्कोहून पाठवलेली २२ फेब्रुवारी १९४६ ची लांब तार वाचली असेल, तर पेपरात सोव्हिएत राजदूत नोव्हिकोव्ह यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनहून मॉस्कोला पाठवलेल्या तारेतले एक पान द्यावे आणि विचारावे की हे दोघे एकमेकांच्या देशाबद्दल कोणती गोष्ट सारखीच सांगत आहेत.